कलिना ते हाम्बुर्ग, चार वर्षं आधी

धर्माबादच्या मोंढ्यात फेब्रुवारीत पाय ठेवायचा तर नाकाला रुमाल लागतोच. अडतीपुढं लाल मिरचीचे ढीग पडलेत, कडेला बाया देठ खुडत बसल्यात, आणि मराठीत सुरू झालेली भावाची घासाघीस मध्येच तेलुगूत शिरते. तुम्ही ढिगातली एक मिरची उचलता. अख्खी आहे तोवर ती काही करत नाही. कडकन मोडता तेव्हा बी सांडतं, नाकात झिणझिण्या येतात, ठसका लागतो, डोळे गच्च मिटतात.

उघडता तेव्हा मोंढा ओला आहे. जुलै महिना, साल १९८८.

कसे आलात ते विचारत बसू नका. नियम तेवढे ऐकून घ्या. तुम्ही कुणाला दिसत नाही, कुणाशी बोलू शकत नाही, आणि जे घडून गेलं तेवढंच पाहू शकता. अंगावरची मिरचीची धूळ मात्र सोबत आली आहे, तिला इलाज नाही.

स्टेशनवर रूळ अजून मीटरगेजचे. बाकावर पडलेल्या पेपरात नांदेडचे शंकरराव चव्हाण आहेत, महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून नुकतेच दिल्लीत अर्थमंत्री झालेले. नांदेडला अजून विद्यापीठ नाही, ते १९९४ साली होईल. तोवर धर्माबादच्या पोराला भौतिकीत पुढं शिकायचं तर फॉर्म औरंगाबादचा, नाहीतर सरळ हैदराबादची गाडी. तुम्ही उलटी गाडी धरा. मनमाडला ती बदलायची, मोठ्या रुळांवर चढायचं आणि सकाळी मुंबईत उतरायचं.

सांताक्रूझ पूर्वेला, कलिन्यात, मुंबई विद्यापीठाचं विद्यानगरी आवार. डोक्यावरून विमानं इतकी खाली जातात की वर्गातला मास्तर वाक्य अर्धवट सोडून थांबतो आणि विमान गेल्यावर तिथूनच उचलतो. भौतिकी विभागात डॉ. रोहिणी गोडबोले १९८२ पासून शिकवतात. त्याआधी तीन वर्षं त्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत्या. कुलाब्याहून कलिन्याला येणं म्हणजे काय हे विद्यापीठात नोकरी केलेल्यांना सांगायला नको. इथं पेपर तपासायचे, तोंडी परीक्षा घ्यायच्या, आणि संशोधन करायचं ते उरलेल्या वेळात. आपल्याकडं उत्तम संशोधन फक्त संशोधन संस्थांत होतं असा एक समज आहे. कलिन्यातली ही तेरा वर्षं त्या समजाला चांगलीच अडचणीची आहेत.

बाईंना गाठून बोलायचा मोह आवरा. त्या क्षणी त्या काय म्हणत असतील ते रचून सांगायचा अधिकार आपल्याला नाही. छापील कागद मात्र सगळ्यांचा असतो. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'च्या १९८८ च्या अंकात एक लेख आहे, लेखक मॅन्युएल ड्रीस आणि रोहिणी गोडबोले. तो वाचायला तुम्ही आला आहात.

लेख एका यंत्राबद्दल आहे. त्याचं नाव हेरा, ते हाम्बुर्गला, आणि १९८८ साली त्याचं काम अजून चालू आहे. एका बाजूनं ३० जीईव्ही ऊर्जेचे इलेक्ट्रॉन येणार, समोरून ८२० जीईव्हीचे प्रोटॉन, आणि दोघांची टक्कर होणार. त्या टकरीत खरोखर वापरायला किती ऊर्जा मिळेल? खिशातलं पेन काढा, हिशोब अवघड नाही. चार गुणिले ३० गुणिले ८२०, झाले ९८,४००. त्याचं वर्गमूळ ३१४ च्या आत-बाहेर. त्या वर्षांत हेराबद्दल जे काही लिहिलं गेलं त्यात हा ३१४ चा आकडा भेटतो. यंत्राचं बटण अजून कुणी दाबलेलं नाही, आणि कागदावर टकरी सुरू झाल्या आहेत.

इथून पुढं जरा सावकाश चला, कारण लेखाचा सगळा जीव या भागात आहे.

वेगानं जाणारा इलेक्ट्रॉन एकटा कधीच नसतो. त्याच्या विद्युत क्षेत्राकडं समोरच्या प्रोटॉनच्या नजरेनं पाहिलं तर ते क्षेत्र म्हणजे फोटॉनांचा, म्हणजे प्रकाशाच्या कणांचा, एक ताफाच असतो. म्हणून हेरा हे इलेक्ट्रॉन-प्रोटॉन यंत्र असलं तरी व्यवहारात तिथल्या बहुतेक टकरी फोटॉन आणि प्रोटॉनच्या. आता फोटॉन म्हणजे काय? शाळेत शिकवतात तो साधा, एकसंध, आत काही नसलेला कण. तसा तो प्रोटॉनमधल्या एखाद्या क्वार्कला थेट धडकेल, दोन कण उडतील, गोष्ट संपेल. पण पुंज भौतिकीत फोटॉन क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्कच्या जोडीत फुटू शकतो, त्या जोडीतून ग्लुऑन, म्हणजे क्वार्कना जोडून ठेवणारे कण, सुटू शकतात, आणि हे सगळं चालू असतानाच समोरून प्रोटॉन येऊन आदळू शकतो. मोंढ्यात तुम्ही मोडली ती मिरची आठवा. अख्खी होती तोवर निरुपद्रवी, मोडल्यावर आतलं बाहेर.

म्हणजे हिशोब तीन मजली झाला. इलेक्ट्रॉनमधून किती फोटॉन निघतात, हा पहिला मजला. त्या फोटॉनमध्ये किती क्वार्क आणि किती ग्लुऑन सापडतील, हा दुसरा. त्यातला एक प्रोटॉनमधल्या क्वार्कला किंवा ग्लुऑनला धडकण्याची शक्यता किती, हा तिसरा. तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सगळ्या शक्य ऊर्जांवर बेरीज घ्यायची. या धंद्यातली माणसं याला क्रॉस-सेक्शन काढणं म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात किराणा दुकानातल्या हिशोबाइतकीच सहजता असते. पहिला आणि तिसरा मजला पक्का आहे. दुसरा डळमळीत. फोटॉनच्या आत क्वार्क किती, याचा अंदाज हाम्बुर्गच्याच जुन्या पेट्रा यंत्रावर प्लूटो प्रयोगानं केलेल्या मोजमापांवरून येतो. १९८५ मध्ये ड्रीस आणि ग्रासी यांनी त्या मोजमापांना सूत्रात बसवलं होतं. ग्लुऑन किती, हे मात्र कुणी थेट पाहिलेलंच नाही.

आणि उत्तर असं येतं: हेरावर कणांचे जे झोत, म्हणजे जेट, मध्यम ताकदीनं आडवे उडतील, त्यांत साध्या फोटॉनच्या थेट धडकेपेक्षा फुटलेल्या फोटॉनचा वाटा पुष्कळ मोठा असेल. थोडी दुरुस्ती करून भागणार नाही, तो वाटाच मुख्य असेल. शिवाय या फुटलेल्या फोटॉनची एक खूण राहील. त्यातला एक तुकडा प्रोटॉनला धडकेल, पण उरलेले तुकडे इलेक्ट्रॉनच्या मूळ दिशेनं तसेच पुढं जातील. तिकडं डिटेक्टर असेल तर त्यात ऊर्जा सांडलेली दिसेल.

भविष्य सांगणारे आपल्याकडं बासरच्या देवळाच्या वाटेवरही भेटतात. त्यांच्यात आणि या कागदात फरक आहे तो हा, की या कागदानं कुठं बघायचं, काय दिसायला हवं आणि दिसलं नाही तर आपण चुकलो, हे तिन्ही आधी लिहून ठेवलंय.

डोळे मिटा. १९९२ चा उन्हाळा.

हाम्बुर्गच्या फोक्सपार्क नावाच्या बागेत तुम्ही उभे आहात. लोक पोरांना घेऊन फिरायला आलेत. त्यांच्या पायाखालून ६.३ किलोमीटर घेराचा बोगदा जातो हे त्यातल्या बहुतेकांना माहीत आहे, आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. खाली उतरा. बोगद्यात दोन नळ्या एकावर एक. इलेक्ट्रॉनची साध्या चुंबकांची, प्रोटॉनची अतिवाहक चुंबकांची. त्या चुंबकांना द्रवरूप हेलियमनं शून्याखाली सुमारे २६९ अंशांपर्यंत गार ठेवलंय. दक्षिणेच्या खोल दालनात झ्यूस नावाचा डिटेक्टर आहे, तीन मजली घराएवढा. त्यात युरेनियमचे पत्रे आणि प्लास्टिकचे थर एकाआड एक रचलेत. अणुभट्टीतलं नव्हे, उरलेलं, निःसत्त्व युरेनियम. जड पत्र्यात कण अडतो, त्याची ऊर्जा सांडते, प्लास्टिक चमकतं, ती चमक मोजली जाते.

नियंत्रण कक्षात पडद्यांपुढं माणसं बसलीत. कुणीतरी शिंकतं, मग शेजारचाही. ती तुमच्या सदऱ्यावरची धूळ. जरा मागं सरका. पडद्यावर एक घटना उभी राहते. हेराच्या टकरींत प्रोटॉन इतका जोरकस असतो की जे फुटतं ते बहुतेक त्याच्याच दिशेनं, पुढं फेकलं जातं. इथंही पुढच्या भागात ऊर्जेचे खांब आहेत. दोन जेट आडवे उडालेत, समोरासमोर. आणि मागच्या बाजूला, जिकडं इलेक्ट्रॉन जायचा होता त्या दिशेला, आणखी थोडी ऊर्जा पसरली आहे. साधा, एकसंध फोटॉन धडकला असता तर ती तिथं नसती.

अशा घटना एक-दोन नाहीत. झ्यूस आणि उत्तरेच्या दालनातला एचवन, दोन्ही प्रयोगांनी त्याच वर्षी फोटॉन-प्रोटॉन टकरींतल्या या जोरदार घटना जाहीर केल्या. इलेक्ट्रॉनची ऊर्जा ठरल्यापेक्षा जरा कमी, २६.७ जीईव्ही मिळाली होती, म्हणून ३१४ च्या जागी २९६. पण चित्र तेच. जपानमध्ये सुकुबाला ट्रिस्टान यंत्रावर एमी नावाच्या प्रयोगालाही त्याच वर्षी दोन फोटॉनांच्या टकरींत हेच आढळलं. फुटलेला फोटॉन हिशोबात धरल्याशिवाय त्यांची मोजणी जुळत नव्हती.

आता परत यायच्या आधी वाटेत १९९१ ला थांबायचं आहे, कारण त्या वर्षीचा कागद माझ्या मते जास्त धाडसाचा आहे. १९८८ साली हेरा निदान अर्धी बांधून झाली होती. १९९१ चा कागद ज्या यंत्राबद्दल आहे त्याची जागासुद्धा ठरलेली नव्हती.

त्या वर्षी जगातले त्वरकवाले, म्हणजे कणांना वेग देणारी यंत्रं बांधणारे, सरळ यंत्रांची स्वप्नं पाहत आहेत. इलेक्ट्रॉनला गोल फिरवलं की तो किरणं फेकत ऊर्जा गमावतो, आणि ऊर्जा दुप्पट केली तर ही गळती सोळापट होते. जिनिव्हाचं २७ किलोमीटरचं वर्तुळ १९८९ मध्ये सुरू झालं, पण त्याच्या फार पुढं गोल वाटेनं जाणं परवडत नाही. मग सरळ रेषा. एका टोकाकडून इलेक्ट्रॉन, दुसऱ्या टोकाकडून त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन, मध्ये टक्कर. अडचण अशी की सरळ रेषेत कणांच्या प्रत्येक गुच्छाला एकच संधी. गोल वाटेवर चुकलेले पुन्हा फिरून येतात, इथं चुकले ते गेले. म्हणून गुच्छ इतका दाबायचा की अब्जावधी कण काही नॅनोमीटर उंचीच्या पट्टीत मावले पाहिजेत. सप्टेंबर १९९१ मध्ये फिनलंडच्या उत्तरेला सारिसेल्का नावाच्या गावी यावर मोठी परिषद भरते. बहुतेकांच्या डोक्यात एकच चिंता आहे, एवढा दाबलेला गुच्छ नेमका एवढ्याच दाबलेल्या गुच्छाला लागेल कसा.

ड्रीस आणि गोडबोले यांच्या लेखात वेगळी चिंता आहे. गुच्छ दाबला की त्याचं विद्युत क्षेत्र भयंकर वाढतं. समोरून येणाऱ्या गुच्छातले कण त्या क्षेत्रात वाकतात आणि वाकताना फोटॉन फेकतात. दोन्ही बाजूंनी फोटॉनांचा मारा सुरू होतो. ते फोटॉन एकमेकांना भेटतात. आणि फोटॉन फुटतो, हे तर आता आपल्याला माहीत आहे. म्हणजे ज्या दुर्मिळ घटनेसाठी एवढं यंत्र उभं करायचं, तिच्यावर दर टकरीत फोटॉन-फोटॉनचा कचरा येऊन पडणार. काही आराखड्यांत हा कचरा इतका असेल की एकेका टकरीत अशा अनेक घटना एकदम घडतील. त्यांतल्या छोट्या जेटना दोघांनी मिनिजेट म्हटलं, लेखाच्या शीर्षकातही तोच शब्द आहे.

यंत्र बांधणाऱ्याला असा कागद आवडत नाही. आठ-दहा वर्षं खपून केलेल्या आराखड्यावर मुंबईच्या विद्यापीठातली एक प्राध्यापिका आणि तिचा जर्मन सहकारी येऊन सांगतात, की तुमची सगळ्यात दाबलेली रचना सगळ्यात घाणेरडीही आहे. वाद झाला. त्यांनी फोटॉनमधले ग्लुऑन जास्त धरले, असं म्हणणारे होते, आणि आकड्यांबाबत त्यांच्या म्हणण्यात काही अर्थही होता. दुसरा मजला डळमळीत होता हे वर आलंच आहे. पण मुद्दा खोडून निघाला नाही. गुच्छ गोल न ठेवता पट्टीसारखे चपटे ठेवले तर फोटॉन कमी फेकले जातात, हा विचार त्वरकवाल्यांच्या मनात आधीपासून होता. त्याला आता आणखी एक कारण मिळालं.

त्याच १९९१ च्या जुलैत इकडं रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं होतं आणि परदेशी नियतकालिकांची वर्गणी हा प्रत्येक विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा दुखरा विषय होता. जगातली प्रीप्रिंटं, म्हणजे छापून येण्याआधीचे लेख, हवाई टपालानं फिरत. ती कुणाला पाठवायची, कुणाला नाही, हे पाठवणारा ठरवी. ऑगस्टमध्ये लॉस अलामोसला पॉल गिन्सपार्ग यांनी संगणकावर प्रीप्रिंटं ठेवायची सोय सुरू केली. त्यानंतर हे दुखणं हळूहळू कमी झालं, पण ज्यांनी आधीच्या काळात मुंबईहून काम केलं त्यांचा टपालवाल्याशी संबंध काही औरच असणार.

पुण्यात पटकन डोकावून या, १९६५ च्या सुमारास. लक्ष्मी रोडला हुजूरपागा. मुलींची शाळा, १८८४ सालची. सातवीपर्यंत विज्ञानाच्या जागी गृहविज्ञान शिकवतात. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मात्र विज्ञान लागतं. १२ नोव्हेंबर १९५२ ला पुण्यात जन्मलेली एक मुलगी ते वेगळं शिकते आणि त्या शाळेची ही शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली मुलगी ठरते. पुढं एस. पी. कॉलेज, १९७४ ला पवईच्या आयआयटीतून एम.एस्सी., १९७९ ला न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूकहून पीएच.डी., आणि परत मुंबई. हे सगळं एका दमात सांगून होतं, म्हणून इथं जास्त रेंगाळायला नको. जाता जाता एवढं बघा, की शाळेच्या वेळापत्रकात जे नाही ते परीक्षेत येणार आहे, हे या मुलीला बाराव्या वर्षीच कळलेलं होतं.

१९९५ ला गोडबोले बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. २००८ मध्ये राम रामस्वामींसोबत त्यांनी 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक संपादित केलं, सुमारे शंभर भारतीय वैज्ञानिक स्त्रियांवरचं. भास्कराचार्यांच्या ग्रंथाला जिच्या नावानं ओळखतात तिच्या लेकी असा त्याचा अर्थ. २०१९ ला पद्मश्री. २५ ऑक्टोबर २०२४ ला त्या पुण्यात गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी पुस्तक, पुरस्कार आणि स्त्री-वैज्ञानिकांसाठी केलेलं काम ठळक छापलं. ते रास्तच होतं. पण बातम्यांत फुटलेला फोटॉन एका ओळीत आटोपला होता, आणि मला ते खटकलं. खेळाडू गेला की त्याच्या धावा सांगतात. गणित करणाऱ्याचं गणित सांगायला आपण का लाजतो?

शेवटचा थांबा जिनिव्हा, २०१२. जुलैच्या ४ तारखेची हिग्ज कण सापडल्याची घोषणा ऐकायला सभागृहात जागा मिळणार नाही, लोक आदल्या रात्रीपासून रांगेत बसलेत. त्या कणाला आरशातून पाहिलं तर तो तसाच दिसतो की उलटा, हे कसं ओळखायचं यावरही गोडबोले यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. पण तुम्ही त्याच वर्षीचा एक जाडजूड अहवाल उघडा. क्लिक नावाच्या सरळ यंत्राचा आराखडा आहे, तीन हजार जीईव्हीचा. गुच्छांचा तक्ता काढा. गुच्छाची उंची एक नॅनोमीटर. दोन गुच्छांत अंतर अर्धा नॅनोसेकंद. एका गाडीला, म्हणजे गुच्छांच्या एका रांगेला, ३१२ गुच्छ. आणि त्याच तक्त्याच्या खालच्या अंगाला एक ओळ: दर टकरीला फोटॉन-फोटॉनच्या, क्वार्कांचे बनलेले कण देणाऱ्या घटना, ३.२.

पेन अजून खिशात आहे ना? ३१२ गुणिले ३.२. एक गाडी जाईपर्यंत जवळपास हजार घटना, आणि सगळा वेळ १५६ नॅनोसेकंद. एवढ्या गर्दीत खरी घटना वेगळी काढायची तर डिटेक्टरला प्रत्येक कणाच्या येण्याची वेळ नॅनोसेकंदांच्या हिशोबात टिपावी लागते. अहवालातली कितीतरी पानं तेच कसं करायचं यावर खर्ची पडली आहेत.

त्या यंत्राच्या नियंत्रण कक्षात मात्र मी तुम्हाला नेऊ शकत नाही. ते बांधलेलं नाही. जिनिव्हात २०२५ च्या मार्चमध्ये ज्याचा व्यवहार्यता अहवाल आला तो पुन्हा गोल बोगद्याचा आहे, ९०.७ किलोमीटर घेराचा, आणि गोल वाटेवर गुच्छ इतके आवळावे लागत नाहीत. सरळ यंत्र कधी उभं राहील, कुठं राहील, राहील की नाही, ते पुढचं पुढं. त्याचा आराखडा हातात घेणाऱ्याला ती ३.२ ची ओळ मात्र पहिल्या दिवसापासून तक्त्यात ठेवावी लागते.